भांड्याच्या दुकानात लेझर मशीन बसवायचंय: फायबर की सीओटू?

भांडीवाला_बार्शी

नमस्कार मंडळी. बार्शीत आमचं वडिलांच्या वेळचं भांड्यांचं दुकान आहे. स्टील जास्त, पितळ बऱ्यापैकी, तांबं थोडं. भांडं घेतलं की त्यावर नाव फुकट घालून द्यायचं ही आमच्याकडची जुनी रीत. आजवर नावं वडील घालायचे, हाताच्या मशीनने. तेच ते घर्रर्र करत टिंबं टिंबं काढणारं. आता त्यांचा हात कापतो, आणि माझं अक्षर असं आहे की ‘सौ. शकुंतला’ घातलं की गिऱ्हाईक ताट उजेडात धरून दोनदा वाचतं.

लग्नसराईत तर हाल होतात. रुखवताची पंचवीस-तीस भांडी एकदम येतात, वर प्रत्येकावर नाव, तारीख आणि ‘मामाकडून’. म्हणून लेझरच्या मागे लागलोय. दोन कोटेशनं हातात आहेत. एक ८० वॅटचं सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूचं लेझर), दोन बाय तीन फुटांचा बेड, चिलर-ब्लोअरसकट (पाणी गार करणारं यंत्र आणि धूर ओढणारा पंखा) सव्वादोन लाखाच्या आसपास. दुसरं २० वॅटचं फायबर लेझर, रोटरी (गोल भांडं फिरवणारी जोडणी) धरून, थोडं कमी. सीओटूवाला म्हणतो ह्यात लाकूड, ॲक्रिलिक, चामडं, काच सगळं होतं, धंदा चौपट वाढेल, आणि स्टीलवर स्प्रे मारला की नावही येतं. फायबरवाला जास्त बोलतच नाही, त्याचीच मला जरा भीती वाटते. त्यात मेव्हण्याने तीस हजाराचं डायोड मशीन मोबाइलवर दाखवून डोक्याचा भुगा केलाय.

दुकान साडेअकरा फूट रुंद. काउंटरमागे एक टेबल बसेल, फार तर.

विचारायचं हे की नाव तर फुकट द्यायचंय, मग दोन लाख सुटणार कुठून? आणि अनुदान मिळतं म्हणतात, ते दुकानाला मिळतं का? ज्यांनी स्वतः मशीन चालवलंय त्यांनी सांगा. डीलर मंडळींनी कृपया मेसेज करू नये.

मखरवाला_नगर

माझं मत विचाराल तर सीओटू. माझं पूर्ण घर त्यावर चालतं. श्रावण लागला की तीन मिलिमीटर एमडीएफची मखरं, कमानी, प्रभावळी. गणपती गेले की दिवाळीचे आकाशकंदील आणि शुभेच्छा पाट्या. डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं, मग सन्मानचिन्हं. मधल्या काळात घराच्या नेमप्लेट. नाव घालून देणारे भांडीवाले प्रत्येक गल्लीत आहेत, वेगळं काही विकाल तर लोक लांबून येतील.

फक्त रेक्झिन आणि पीव्हीसी कधी मशीनमध्ये घालू नका, कोणी कितीही गळ घातली तरी. क्लोरीनचा आम्लवायू निघतो, नाकाला झोंबतो तो भाग वेगळाच, पण मशीनचे रूळ आणि आरसेही गंजतात. आणि ॲक्रिलिक घेताना कास्ट (साच्यात ओतलेलं) आहे का विचारा. कास्टवर कोरलं की पांढरं दुधी उमटतं, एक्स्ट्रूडेडवर (यंत्रातून दाबून काढलेल्यावर) अक्षर तेवढं उठून दिसत नाही.

लेझरवाली_कुपवाड

भांडीवाले दादा, सीओटू नको.

नगरच्या दादांचं त्यांच्यापुरतं अगदी बरोबर आहे. पण त्यांचं गिऱ्हाईक मखर घ्यायला येतं, तुमचं ताट घ्यायला. एमडीएफची शीटं आठ बाय चारची येतात, ती तुम्ही साडेअकरा फुटांत कुठे उभी करणार? कुकरच्या खोक्यांवर? शिवाय एमडीएफ कापताना जो जळका वास सुटतो तो ब्लोअर लावूनही दुकानात राहतो, आणि शेजारचा कापडवाला दुसऱ्या दिवशी भांडायला येतो. मखराची ऑर्डर आलीच तर घ्या आणि जॉबवर्कवाल्याकडून करून आणा. नफा थोडा कमी, पण मशीन त्याचं, डोकेदुखीही त्याची.

मी कुपवाड एमआयडीसीच्या कडेला जॉबवर्क करते. माझ्याकडे सीओटूही आहे आणि फायबरही, त्यामुळे मला कुठलंच विकायचं नाही. सीओटूच्या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. लाकूड, ॲक्रिलिक, काच तो शोषून घेतात, चकचकीत स्टील त्याला परत पाठवतं. स्प्रे मारून काळं अक्षर येतं हे खोटं नाही, पण प्रत्येक ताट पुसा, स्प्रे मारा, सुकवा, लेझर मारा, मग धुवा. तिथी दाट असली आणि काउंटरवर रुखवताच्या बायका उभ्या असल्या की हे करून बघा. फायबर १०६४ नॅनोमीटरचा, स्टील त्याला बऱ्यापैकी घेतं. ताट ठेवलं, फूटस्विच दाबला, नाव तयार. डायोडचं मशीन उघड्या स्टीलवर फिकं काम करतं आणि फार हळू. मेव्हण्याला म्हणावं, तुम्हीच घ्या.

आता पैशाचं. नावाचे पैसे मागू नका, ती तुमची जाहिरात आहे. पैसे गठ्ठ्यात आहेत. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकू चालतं, वाणासाठी वाट्या, डब्या, करंडे शेकड्याने जातात. डिसेंबरच्या मध्यावरच एक नमुना करून काउंटरवर ठेवा: छोटी वाटी, तिच्यावर घरातल्या बाईचं नाव आणि साल. बचत गट आणि सोसायट्यांच्या बायका स्वतः विचारतील. मी शंभराच्या वर नग असले तर एका ओळीला नगामागे आठ-दहा रुपये घेते, सेटिंगचे वेगळे. तुम्ही वाटीही विकणार, म्हणजे तुमची कमाई दोन्हीकडून. तरी हिशोब डोळे उघडे ठेवून करा: दहा रुपयांनी दोन लाख काढायचे तर वीस हजार वाट्या लागतात. नुसत्या वाणावर नाही निघत.

म्हणून दुसरं गिऱ्हाईक धरा, ज्याची भांडी चोरीला जातात. आचारी, केटरर, मंगल कार्यालयं, मेस. त्यांची पातेली, बादल्या, वगराळी, जग दर हंगामात इकडची तिकडे होतात. आजवर ते रंगाने खुणा करतात, घासण्यात त्या जातात. एका कार्यालयाचे हजार-बाराशे नग सहज असतात. काम कंटाळवाणं, पण रोख. तिसरं देवस्थानं. समई, घंटा, पंचारती, ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. तुमच्याकडे भगवंताचं मंदिर आहे, पंढरपूरही फार लांब नाही. अशा कामात माणूस घासाघीस करत नाही, पण मजकुरातली एक वेलांटी चुकली तर मात्र अख्खी समई तुमच्या गळ्यात. मजकूर त्यांच्याच हातून कागदावर लिहून, सही घेऊन मगच मारायचा.

आणि आता ते, जे डीलर सांगत नाही: देवनागरी. फायबरबरोबर ईझीकॅड हे मशीन चालवायचं सॉफ्टवेअर येतं. माझ्या ईझीकॅडमध्ये मराठी सरळ टाईप केलं की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी होतात. नावाचं काहीही झालं तरी मशीनला काय? त्यामुळे नाव कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहायचं, कर्व्हमध्ये (म्हणजे नुसत्या आकारांत) बदलायचं, आणि मग सगळी अक्षरं निवडून वेल्ड करायची, म्हणजे एकमेकांत जोडून टाकायची. वेल्ड विसरायचं नाही. मराठी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या शिरोरेषेवर थोडी चढलेली असते. कागदावर छापताना ते कळत नाही. लेझर मात्र दोन आकार एकमेकांवर आले की तो तुकडा भोक समजून सोडून देतो, आणि ताटावर नावाच्या डोक्यावरची रेघ तुटक दिसते, दर अक्षरापाशी एक कोरी फट. वेल्ड केलं की अख्खा शब्द एकसंध होतो. कान्याची उभी दांडीही बघा, तिथेही हाच प्रकार होतो. फॉन्ट जाडसर घ्या, फार नाजूक वळणांचा नको. घासून घासून बारीक रेषा पुसट वाटायला लागते.

वाणासाठी शंभर वेगवेगळी नावं असली तर कोरलचं प्रिंट मर्ज (यादीतली नावं आपोआप एकेका डिझाइनमध्ये भरणारी सोय) वापरा, एकेक नाव टाईप करत बसू नका.

मशीन बघायला जाताना डीलरचा चकचकीत पत्रा बघून भुलू नका. आपल्या दुकानातलं २०२ ग्रेडच्या स्टीलचं ताट, ३०४ ग्रेडचं एखादं, पितळी तांब्या, तांब्याचा लोटा असं पिशवीत घालून न्या आणि स्वतः उभं राहून नाव घालून घ्या. तांब्यावर किरण बराच परावर्तित होतो, २० वॅटला तिथे दम लागतो. काळं कुळकुळीत अक्षर बघून खूश व्हाल, पण ते उष्णतेने चढलेल्या ऑक्साइडचं असतं. घरी आणून चिंच-मिठाने घासा आणि आठवडाभर ओलं ठेवा. आम्लाने ते फिकं पडतं, आणि २०२ वर जास्त तापवलं असेल तर तिथे गंजाचे ठिपके दिसू शकतात. रोज घासायच्या भांड्याला मी काळ्या रंगाच्या नादी लागत नाही, थोडं खोल आणि राखाडी ठेवते.

सर्व्हिसवाला_भोसरी

ताईंनी सगळं सांगितलं, एक राहिलं आणि तेच सगळ्यांत महत्त्वाचं. डोळे.

फायबरचा किरण दिसत नाही. जो लाल ठिपका दिसतो तो फक्त जागा दाखवायला असतो. १०६४ नॅनोमीटर डोळ्याच्या भिंगातून थेट आत पडद्यावर एकवटतो आणि तिथली इजा भरून येत नाही. तुमचं भांडं म्हणजे गोल आरसा, किरण कुठल्या बाजूला उडेल सांगता येत नाही. भांडी दुकानात मशीन उघडं चालवलेलं मी खूप बघितलंय, समोर गिऱ्हाइकाचं पोर टाचा उंचावून बघत असतं. १०६४ साठीच्या रेटिंगचा चष्मा ऑपरेटरला आणि मशीनला चारी बाजूंनी बंद होणारी पेटी, दोन्ही घ्या. कोटेशनमध्ये पेटी नसेल तर मागून घ्या. डायोडबरोबर येणारं नारंगी ॲक्रिलिक इथे उपयोगाचं नाही. सीओटूचा किरण साधं ॲक्रिलिकही अडवतं, म्हणून त्या मशीनला ॲक्रिलिकचं झाकण चालतं. फायबरला तेच झाकण लावून निर्धास्त बसलेले लोक बघितले की मला धडकी भरते.

बाकी २० वॅट फायबर हवेवर थंड होतं, चिलर, पाणी, काचेची ट्यूब काही नाही. सीओटूपेक्षा देखभाल फारच कमी. अर्थिंग मात्र खरोखरचं करून घ्या. इलेक्ट्रिशियनने न्यूट्रललाच वायर जोडून ‘झालं’ म्हटलेली दुकानं खूप आहेत. वीज जात असेल तर संगणक आणि मशीन दोन्हीला यूपीएस.

कर्जवाला_सोलापूर

अनुदानाबद्दल. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम नवीन उद्योगासाठी आहे, चालू दुकानात एक मशीन वाढवायला त्यातून मिळत नाही. घरातल्या कोणी वेगळं मार्किंगचं जॉबवर्क सुरू केलं तर अर्ज करता येतो. अनुदान प्रकल्प खर्चाच्या शहरी भागात सर्वसाधारण गटाला १५ टक्के, महिला अर्जदाराला २५ टक्के, ग्रामीण भागात अनुक्रमे २५ आणि ३५. स्वतःचा वाटा सर्वसाधारण गटाला १० टक्के, महिलेला ५. पण वहिनी खरोखर मशीन चालवणार असतील तरच त्यांच्या नावावर करा, तपासणी होते. अनुदान लगेच हातात पडत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं. आणि मंजुरीआधी मशीन घेऊन बसू नका, मग त्या मशीनसाठी काही होत नाही.

एवढी कटकट नको असेल तर मुद्राचं किशोर कर्ज, पन्नास हजार ते पाच लाख. त्यात अनुदान नाही, पण दोन लाखासाठी ते सुटसुटीत पडतं.

भांडीवाला_बार्शी

सगळ्यांचे आभार. सीओटू रद्द. बायकोला विचारलं, ती म्हणाली संगणक शिकवा, मग सही करते. वडिलांना वेल्डचं सांगितलं तर म्हणाले, माझी रेघ कधी तुटली होती का!

ताई, एकच विचारतो. फायबरवाला ११० ची (११० मिलिमीटरच्या चौकोनात मारणारी) लेन्स देतोय, १७५ ला वेगळे पैसे म्हणतो. नाव तर तीन-चार इंचांचंच असतं, मग मोठी कशाला?

लेझरवाली_कुपवाड

वहिनींचं बरोबर आहे, आधी कोरल शिकवा.

ताटालाच वापरायची असेल तर ११० पुरे, ठिपका बारीक पडतो आणि त्याच २० वॅटमध्ये जोर जास्त मिळतो. पण तुम्हाला पातेली आणि कळशा करायच्यात. गोल पोटावर नावाचं मधलं अक्षर फोकसमध्ये असतं आणि कडेची खाली उतरतात. १७५ ची फोकस लांबी जास्त, त्यामुळे तिथे एक-दोन मिलिमीटरचा उतार खपतो. रोटरी आहे म्हणाल, पण दहा भांड्यांत सात वेळा तुम्ही ती लावणार नाही, कंटाळा येतो. १७५ घ्या, आणि जमलं तर २० ऐवजी ३० वॅट, कारण मोठ्या लेन्सला जोर कमी पडतो. लेन्स ज्याच्यावर वर-खाली सरकते त्या खांबाची उंचीही मोजून घ्या. सगळ्यांत मोठं पातेलं आडवं ठेवून त्याचा व्यास अधिक लेन्सखालचं साधारण दहा इंच अंतर, एवढा खांब वर जायला हवा. नाहीतर केटररची पातेली आली की मशीन टेबलाच्या कडेला सरकवून भांडं खाली स्टुलावर ठेवायची वेळ येते, आणि मग भोसरीच्या दादांची ती पेटी बंद होत नाही.