होस्ट पाहिला का? खरंच भीती वाटली की मलाच एकटीला? (स्पॉयलर आहेत)

रातकिडा_२२:
काल होस्ट हा हॉरर पिक्चर पाहिला, तोच तो २०२० च्या लॉकडाऊनमधला, मैत्रिणी झूमवर प्लँचेट करतात तो. जेमतेम ५७ मिनिटांचा आहे म्हणून म्हटलं झोपायच्या आधी उरकून टाकू, आणि मग दोन वाजेपर्यंत टक्क जागी. आधी घरच्यांबरोबर टीव्हीवर लावला होता तर सगळे खिदळत होते, भाऊ तर "अगं नेट गेलंय तिचं" म्हणून कॉमेंटरी करत होता, शेवटी वैतागून बंद केला आणि रात्री एकटीने लॅपटॉपवर हेडफोन लावून पाहिला. तेव्हा जाम टरकले. तर तुम्हाला कसा वाटला? आणि एक शंका, एवढं सगळं होतंय तर या पोरी कॉल कट का करत नाहीत??

फुकट_समीक्षक:
मला ओव्हररेटेड वाटला. पहिली वीस मिनिटं नुसत्या गप्पा, मग धाडधाड आवाज, मग किंचाळ्या, मग परत धाडधाड. शेवटच्या दहा मिनिटांत तर दर थोड्या वेळाने दचकवायचं एवढंच काम उरतं. दचकणं आणि घाबरणं यात फरक आहे राव, कुकरची शिट्टी झाली तरी माणूस दचकतो. लॅपटॉपच्या स्क्रीनवर अख्खा पिक्चर हेही काही नवीन नाही, २०१४ च्या अनफ्रेंडेडमध्ये स्काईपवर होऊन गेलंय.

मागच्या_बाकावरची:
@फुकट_समीक्षक त्या गप्पाच तर मुद्दा आहे ना. त्यातली एक मैत्रीण जेमा गंमत म्हणून थाप मारते की शाळेतला एक मुलगा होता, त्याने गळफास घेतला, त्याचा आत्मा आलाय, वगैरे. असा मुलगा कधी नव्हताच. मग प्लँचेट घेणारी ती मिडियम बाई (आत्म्यांशी बोलणारी) नंतर सांगते की खोट्या माणसाला बोलावलंत म्हणजे ती जागा रिकामी राहिली, आता त्या नावाचा मुखवटा घालून कोणीही येऊन बसेल. इथे माझ्या अंगावर काटा आला, आवाजांनी नाही. नसती उठाठेव करायची एकीने आणि भोगायचं सगळ्यांनी.

कॉल कट का करत नाहीत याचं उत्तर मला तरी सोपं वाटतं. तेव्हा सगळे आपापल्या घरात अडकलेले, कॉल कट केला की अंधाऱ्या घरात तू आणि ते, दोघंच. निदान स्क्रीनवर पाच ओळखीचे चेहरे तरी दिसतायत. शेवटी जेमा धावत हेलीच्या घरी पोचते आणि जीवावर बेतलेलं असताना दोघी भेटल्यावर काय करतात, तर कोपराला कोपर लावतात! मी हसले आणि लगेच पोटात कसंतरी झालं. आपणही तसेच वागत होतो की.

लॅगिंग_आत्मा:
मी रोज आठ आठ तास मीटिंगमध्ये असतो त्यामुळे मला हा पिक्चर वेगळ्याच ठिकाणी लागला. यात भूत बाहेरून येत नाही, ॲपच्या रोजच्या सोयींमधून येतं. कॅरोलाइनने स्वतःचाच व्हिडिओ बॅकग्राउंडला लावलेला असतो, ती खोलीत येतेय, परत येतेय, परत येतेय. सुरुवातीला सगळे हसतात. नंतर तोच लूप शांतपणे चालू आहे आणि मधेच तिचं खरं तोंड कॅमेऱ्यावर आपटतं, आणि मागे ती आपली निवांत खोलीत येतेच आहे. एवढा साधा प्रकार पण डोक्यातून जात नाही.

आणि एमाचा तो फेस फिल्टर. फिल्टर काय करतो, डोळे नाक तोंड असा साचा दिसला की त्यावर मुखवटा चिकटवतो. तो चुकतोही, भिंतीवरच्या डागावर किंवा लटकवलेल्या शर्टवरसुद्धा बसतो, मी स्वतः पाहिलंय. पिक्चरमध्ये तो रिकाम्या हवेत बसतो. आता हे सॉफ्टवेअर गंडलंय की तिथे खरंच तोंड आहे? मग ती जमिनीवर पीठ टाकते आणि त्यात पावलं उमटतात, पण माझ्या मते पिठाची गरजच नव्हती, फिल्टरनेच काम झालं होतं.

जाता जाता, पाहिल्यानंतरच्या सोमवारी मीटिंगमध्ये एक जण पाणी आणायला उठला, कॅमेरा चालू, खुर्ची रिकामी, आणि बोलणाऱ्याच्या चौकटीला येते ना ती रंगीत कड, ती त्या रिकाम्या खुर्चीभोवती उमटली. माईक चालू राहिला होता आणि दार आपटलं होतं, बाकी काही नाही. पण दोन सेकंद कोणी बोलेना.

फुकट_समीक्षक:
बरं बाबा, बॅकग्राउंडचा सीन मान्य. बाकी मत कायम.

पडद्यामागे:
बनवला कसा ते वाचलं तर थोडा मान द्याल @फुकट_समीक्षक. दिग्दर्शक रॉब सॅव्हेजने आधी मित्रांना व्हिडिओ कॉलवर घाबरवलं होतं, माळ्यावरून आवाज येतोय म्हणून वर चढला आणि ऐन वेळी दुसऱ्या एका हॉरर पिक्चरचा तुकडा मधे चिकटवला. तो व्हिडिओ तुफान पसरला आणि त्यातूनच हा पिक्चर. कल्पनेपासून रिलीजपर्यंत १२ आठवडे, जुलै २०२० मध्ये शडर या हॉरर पिक्चरच्या स्ट्रीमिंग ॲपवर आला पण. दिग्दर्शक सेटवर नाही, सगळं लांबून कॉलवर, नट्यांनी कॅमेरा लाईट स्वतःच आपापल्या घरात लावले. नावंसुद्धा स्वतःचीच ठेवलीत. आणि फुकटच्या झूमची ४० मिनिटांची मर्यादा असते ना, तीच कॉल संपवते, आणि शेवटची नामावली कॉलमधल्या पार्टिसिपंट्सच्या यादीसारखी वर सरकते, ते पाहून तर मी टाळ्याच वाजवल्या.

रातकिडा_२२:
सगळ्यांना थँक्स, विशेषतः कॉल कट न करण्याचं ते पटलं. @लॅगिंग_आत्मा तुझं वाचून मी आत्ता नको तो शहाणपणा केला, फिल्टर लावला आणि कॅमेरा मागच्या दाराकडे वळवला. दारामागे जॅकेट टांगलंय, त्याच्यावर व्यवस्थित चष्मा आणि मिशी बसली. जॅकेटच आहे ते, माहितीये मला. लॅपटॉप मिटलाय, हे फोनवरून टाईप करतेय आणि लाईट चालूच ठेवणारे.