मदत हवी आहे : खुब्याच्या सांध्याची झीज, व्यायाम किती आणि शस्त्रक्रिया कधी?

माझ्या ६४ वर्षांच्या आईला उजव्या खुब्याच्या सांध्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस असल्याचे निदान झाले आहे. दुखणे जांघेतून गुडघ्यापर्यंत उतरत असल्याने आधी गुडघ्यावरच उपचार होत राहिले. एक्स-रेमध्ये मात्र गुडघा बरा आणि खुब्यातील सांध्याची फट अरुंद झालेली दिसली. सकाळी आखडलेला पाय थोड्या हालचालीने मोकळा होतो, पण मोजा चढवणे आणि पायाची नखे कापणे तिला एकटीला जमत नाही, शिवाय पाय आतल्या बाजूला वळतच नाही.

फिजिओथेरपिस्टनी नितंबाचे व मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम दिले आहेत. व्यायामानंतर थोडे दुखले तरी चालेल, असे ते सांगतात; परंतु ते दुखणे दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकले, तर व्यायाम कमी करावा की तसाच चालू ठेवावा, हे ठरवताना आमचा गोंधळ उडतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरल्यास खुब्यावरील भार कमी होतो, हे तिला पटले आहे, तरीही ती काठी घेत नाही (इथे वैद्यकशास्त्राचा इलाज चालत नाही). रक्तदाबामुळे वेदनाशामक गोळ्याही सतत घेता येत नाहीत.

सांधा बदलण्याचा निर्णय केवळ एक्स-रेवरून न घेता झोप, चालणे व रोजची कामे किती अडतात यावरून घ्यावा, असे डॉक्टरांचे मत आहे. ज्यांनी हा निर्णय घेतला किंवा लांबणीवर टाकला, त्यांनी तो कशावरून ठरवला, हे कृपया सविस्तर लिहावे. तेले व चूर्णे कृपया सुचवू नयेत.