आई-बाबांचा शेंगेन व्हिसा : हमीपत्र, ९० दिवसांचा हिशोब आणि आईचं नाव

प्रेषक : फ्रांकफुर्ट

नमस्कार मंडळी,
आई-बाबा १० मे रोजी साताऱ्याहून जर्मनीला येणार आहेत, पहिल्यांदाच. तीन महिने राहतील. खर्च आम्ही करणार, तेव्हा बाबांचं बँक स्टेटमेंट लागेल का? आईच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव आहे, पासपोर्टवर सासरचं, याने अडतं का? आणि आल्यावर मुदत वाढवून मिळते का?

प्रेषक : म्युनिक

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. मुदत सहसा वाढत नाही. विमानं बंद पडली किंवा माणूस हॉस्पिटलात आहे, अशीच कारणं चालतात. त्यामुळे तिकीट काढतानाच व्हिसाचे ९० दिवस मोजा, तीन महिने नाही. उतरल्याचा दिवस धरायचा आणि निघायचा दिवसही धरायचा. १० मेपासून मोजलं तर मेचे २२, जूनचे ३०, जुलैचे ३१ म्हणजे ८३ झाले, आणि नव्वदावा दिवस ७ ऑगस्ट. बरेच जण १० ऑगस्टचं तिकीट काढतात आणि तिथेच फसतात. ७ तारखेच्या मध्यरात्रीनंतरचं विमानही नको, ती ८ तारीख होते. मधे स्वित्झर्लंड-पॅरिस फिरून आलात तरी तेही दिवस याच नव्वदात, कारण तेही शेंगेन देश, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर टप्प्याटप्प्याने ईईएस, म्हणजे येण्या-जाण्याची संगणकी नोंद, सुरू झालं आहे. चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन दिवस संगणकच मोजतो, शिक्का पुसट होता वगैरे सांगून भागत नाही.

आता हमीपत्र, म्हणजे फेरफ्लिश्टुंग्सएरक्लेरुंग : पाहुण्यांचा खर्च आम्ही करू असं सरकारला लिहून देणं. हे तुमच्या गावच्या आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कचेरीत, मिळतं, फी २९ युरो. टेर्मिन (भेटीची वेळ) मिळायलाच कित्येक आठवडे जातात, म्हणून सगळ्यात आधी तेच घ्या. साधारण शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, नोकरीचा करार, घराचा भाडेकरार, तुमचा पासपोर्ट आणि राहण्याचा परवाना मागतात. काही ठिकाणी सहा पावत्या मागतात, त्यांच्या वेबसाइटवरची यादी बघूनच जा. ऑफिसातून उठायच्या आधी कागदावर एक गोष्ट तपासा : तुमच्या ऐपतीच्या रकान्यात ‘नाखगेवीझन’, म्हणजे ‘सिद्ध’, यावर खूण आहे ना. ‘सिद्ध नाही’वर खूण असलेला कागद व्हिसाला कामाचा नाही. मूळ प्रत कुरिअरने साताऱ्याला पाठवा आणि स्कॅन स्वतःकडे ठेवा. येताना मूळ प्रत बाबांच्या हँडबॅगेत हवी, चेक-इनच्या बॅगेत नको.

सही करण्याआधी त्यावरचा मजकूर नीट वाचा. राहणं-जेवणच नाही, आजारपणाचा खर्चही तुमच्यावर येतो. विमा कमीत कमी ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा लागतो, पण स्वस्तातल्या पॉलिसीत आधीपासूनचा बीपी, मधुमेह बहुतेक वगळलेला असतो. तेवढी एक ओळ शोधून काढा, मगच पैसे भरा.

हमीपत्र असलं तरी बाबांची कागदपत्रं द्याच. व्हिसा नाकारला जातो तो बहुधा ‘परत जाण्याबद्दल शंका’ या कारणाने, आणि तुमचा पगार कितीही असला तरी ती शंका फिटत नाही. पेन्शनच्या नोंदी असलेलं पासबुक, घराची कागदपत्रं, सातबारा (इंग्रजी भाषांतरासह), तिकडे दुसरं भावंड असेल तर त्याचा उल्लेख, हे सगळं जोडा. अर्जाच्या आधी आठवडाभर खात्यात पाच लाख टाकू नका, तेच आधी नजरेत भरतं.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. फी माणशी ९० युरो, व्हीएफएसचा, म्हणजे अर्ज घेणाऱ्या कंपनीचा, आकार वेगळा. आणि १ जुलै २०२५ पासून जर्मन वकिलातींनी नकारावरची फेरविचाराची सोय बंद केली आहे. आता नव्याने अर्ज करायचा, नाहीतर कोर्ट. म्हणून पहिलाच अर्ज पक्का करा.

प्रेषक : श्टुटगार्ट

आईच्या नावाबद्दल. माहेरचं आडनाव वेगळं असल्याने अडत नाही, अर्जात ‘जन्माच्या वेळचं आडनाव’ असा रकानाच आहे, तिथे ते लिहा. अडतं ते लग्नात पहिलं नावही बदललं असेल तेव्हा. दाखल्यावर ‘सुमन’, पासपोर्टवर ‘वैशाली’, आणि तुमच्या जन्मदाखल्यावर भलतंच. मग ही तुमचीच आई हे कागदावरून दिसत नाही. लग्नाचा दाखला, नाव बदलल्याचं राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र जोडा. तुमच्या भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचं नाव असेल तर त्या पानाची प्रतही द्या. बाकी तिकीट, विमा, हमीपत्र, सगळीकडे नाव पासपोर्टवरचं अक्षरन् अक्षर तेच, मधलं नवऱ्याचं नावसुद्धा.

व्हिसा हातात आला की स्टिकरवरच्या दोन ओळी वेगवेगळ्या वाचा. वर ‘पासून-पर्यंत’च्या तारखा असतात, आणि त्यात सहसा १५ दिवस जास्तीचे दिलेले असतात. खाली राहण्याचे दिवस, समजा ९०. वरची तारीख २२ ऑगस्ट दिसली म्हणून तोवर राहायचं नाही. ती सवलत प्रवास मागेपुढे झाला तर आहे.

प्रेषक : फ्रांकफुर्ट

खूप आभार. पुढेमागे त्यांना कायमचं इकडे आणता येईल का?

प्रेषक : म्युनिक

तुमचं ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांचा राहण्याचा परवाना) किंवा कुशल कामगाराचा परवाना पहिल्यांदा १ मार्च २०२४ किंवा त्यानंतर मिळाला असेल, तर जर्मनीत राहण्याच्या कायद्यातल्या कलम ३६ च्या तिसऱ्या पोटकलमाखाली आणता येतं. त्याआधी मिळाला असेल तर हा रस्ता बंद, मग फक्त अपवादात्मक अडचणीचं कारण उरतं. खरी अडचण आरोग्यविम्याची आहे. सरकारी क्रांकनकासेच्या, म्हणजे आरोग्यविमा संस्थेच्या, कुटुंबविम्यात आई-वडील बसत नाहीत, आणि पंचावन्नच्या पुढे तिथे नव्याने शिरणं जवळपास अशक्य. खासगी कंपनीकडून त्यांच्या वयाचा आणि आजारांचा लेखी हप्ता आधी मागवा, तो आकडा बघून मगच बाकीचे कागद जमवायला घ्या.