मधुमेह आणि पायाचा सेल्युलायटिस : तुमच्या घरात काय घडलं, कुठे उशीर झाला?

सेल्युलायटिस, म्हणजे कातडीत आणि तिच्या खालच्या थरात पसरणारा जंतुसंसर्ग. हा शब्द आमच्या घरात आला गेल्या श्रावणात. बाबांना चौदा वर्षांपासून शुगर आहे. एका दुपारी हुडहुडी भरून ताप आला. पावसाळी ताप असेल म्हणून पॅरासिटामॉल दिली आणि झोपवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पायजमा वर सारला तर डावी पोटरी लालभडक, चकचकीत, हाताला चटका बसावा इतकी गरम. घोट्याचं हाड सुजेत पार बुडालेलं.

डॉक्टरांनी पोटरी पाहिली आणि लगेच पायाची बोटं फाकवली. करंगळीच्या बेचक्यात पांढरी पडलेली, ओलसर कातडी आणि तीत एक बारीक चीर. म्हणाले, "जंतू इथून शिरलेत." घरी १६०-१७० असणारी शुगर दवाखान्यात ३८४ निघाली. सहा दिवस शिरेतून अँटिबायोटिक चाललं. शुगर आटोक्यात यावी म्हणून तात्पुरतं इन्सुलिन सुरू केलं, तर आता ते कायमचं मागे लागलं असं समजून बाबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. जखम भरली, शुगर उतरली आणि महिन्याभरात ते परत गोळ्यांवर आले. संसर्ग असला की शुगर चढते आणि शुगर चढली की संसर्ग हटत नाही, हे आम्हाला आधी कुणी नीट सांगितलं असतं तर त्यांचे ते दोन दिवस वाचले असते.

मला आजही टोचतं ते वेगळंच. ती चीर किती दिवस तिथे होती? घरात पाच माणसं, रोज ग्लुकोमीटरचा आकडा वहीत लिहिणारी, आणि बेचक्यात एकानेही पाहिलं नव्हतं. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार आपल्या देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही आहेत. म्हणजे असे पाय घरोघरी आहेत. ज्यांनी हे भोगलंय किंवा घरात निस्तरलंय त्यांनी लिहा. फक्त औषधांचे डोस लिहू नका. कुणीतरी वाचून दुकानातून आणेल.

सिंधुदुर्गातून

आमच्याकडे लावणी सुरू झाली की चिखल्या येणारच. त्याला कुणी आजार म्हणत नाही. आईला दाखवलं तर म्हणायची, "पावसात सगळ्यांकच होतत." रात्री कोकमतेलाचा गोळा वितळवून टाचेच्या भेगांत सोडायची, हे मी लहानपणापासून बघत आले. शुगर होऊन आठ वर्षं झाल्यावर तिच्या तळपायांना गरम-गार कळेनासं झालं होतं आणि ते आम्हालाही माहीत नव्हतं. त्या रात्री तेल कडकडीत होतं, तिला कोमट वाटलं. सकाळी टाचेला फोड. चौथ्या दिवशी लाली घोट्याच्या वर.

कोकमतेलाला मी दोष देणार नाही. आम्ही अजून वापरतो, पण तळहातावर चोळून, गार, आणि फक्त टाचेला. बेचक्यात तेल नाही, क्रीम नाही, तिथे कोरडंच हवं. बेचक्यातल्या बुरशीला डॉक्टरांनी क्लोट्रिमॅझोलचं मलम दिलं. दिसायला बरं झाल्यावरही दोन आठवडे लावत राहा म्हणाले होते. आम्ही चौथ्या दिवशी थांबवलं आणि ते परत आलं. आता आई बांधावर बसून तरव्याच्या मुठी बांधून देते, चिखलात उतरत नाही. हे तिने मानायला दोन पावसाळे गेले.

अकोल्याहून

सासऱ्यांच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. गावाकडच्या रीतीने त्यांनी बिब्बा तापवून त्यावर चटका दिला. बिब्बा उतला, भोवती पाण्याचे फोड आले. पायाला तशीही संवेदना कमी, म्हणून आठवडाभर शेतात जात राहिले. दवाखान्यात पाय लाल पाहून डॉक्टरांनी विचारलं, काय लावलं होतं? ओरडतील म्हणून सासरे म्हणाले, काही नाही. त्यामुळे किती लाली बिब्ब्याची आणि किती जंतूंची, याचा डॉक्टरांनाही अंदाज येईना. मी बाहेर गाठून खरं सांगितलं. ते ओरडले तर नाहीतच, उलट त्यांनी सोनोग्राफी करायला लावली. एक्स-रेमध्ये काटा दिसला नव्हता, लाकूड त्यात बहुधा दिसतच नाही. सोनोग्राफीत जवळजवळ एक सेंटिमीटरचा तुकडा सापडला. तो काढल्यावरच पू थांबला.

जे लावलं असेल ते डॉक्टरांना सांगा. हळद, चुना, तंबाखू, काहीही असो.

एक परिचारिका, कोल्हापूर

ड्रेसिंगच्या खोलीत वीस वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लाली दिसली की तिच्या कडेने बॉलपेनने रेघ मारा आणि शेजारी तारीख-वेळ लिहा. "कालच्यापेक्षा वाढलंय का?" याला घरातले पाच जण पाच उत्तरं देतात, रेघ एकच उत्तर देते. औषध सुरू झाल्यावरही पहिल्या दिवशी लाली थोडी सरकू शकते. पण दोन दिवस होत आले तरी ती रेघेबाहेर चाललीय आणि ताप उतरत नाही, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

पाय वर ठेवा, म्हणजे छातीपेक्षा उंच. खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर पाय ठेवणं पुरत नाही. आडवं होऊन अख्ख्या पायाखाली उशा घ्या, टाच अधांतरी राहू द्या. पायातलं रक्ताभिसरण आधीच कमी असेल तर मात्र विचारूनच. अर्धी सूज यानेच उतरते, आणि नेमकं हेच कुणी करत नाही. "दिवसभर पडून कसं राहू?" हे मला बायका जास्त विचारतात. चार दिवस स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी करायला हवा, एवढंच त्याचं उत्तर आहे.

शेक नको, मालीश नको, करकचून पट्टी नको. बरं होताना कातडीचे पापुद्रे निघतात, डाग काळसर पडतो, सूज काही आठवडे रेंगाळते. त्याने घाबरू नका. पण ताप गेला म्हणून गोळ्याही स्वतःहून बंद करू नका.

आणि ज्याला रात्रीचे दोन वाजले तरी निघायचं ते हे : दिसतंय त्याच्या मानाने दुखणं फार भयंकर, कातडी निळी-काळी पडणं, रक्ताळलेले फोड, दाबल्यावर आत चुरचुर जाणवणं, माणूस गुंगीत जाणं किंवा असंबद्ध बोलणं.

पुण्याहून

माझं उलटं झालं. दोन्ही नडग्या लाल, सुजलेल्या, खाजणाऱ्या, ताप मात्र कधीच नाही. वर्षभरात तीन वेळा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलं की सेल्युलायटिस सहसा एकाच पायाला होतो, हे शिरांचं दुखणं दिसतंय. डॉपलर तपासणीत (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) शिरांच्या झडपा निकामी निघाल्या. पायाकडे रक्त नेणाऱ्या धमन्या नीट आहेत हे तपासून मगच त्यांनी दाबाचे मोजे दिले. तेव्हापासून गोळी नाही.

चंद्रपूरहून

आमच्या भागात हत्तीपाय नवा नाही. वहिनींना तो आहे आणि वर शुगरही. पाय जाड, कातडीला वळ्या, त्यात घाम आणि बुरशी. वर्षातून तीन-चारदा थंडी वाजून पाय लाल व्हायचा. आजी याला धावरं म्हणायची आणि उतारा टाकायची. आता रोज संध्याकाळी साबण आणि साध्या पाण्याने पाय धुवायचा, प्रत्येक वळी उघडून मऊ फडक्याने टिपायची, घासायची नाही. वीस मिनिटं लागतात. ते काम भाऊ करतो. सोबत डॉक्टरांनी दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन ठरवून दिलंय. दीड वर्षात एकदाच त्रास झाला, आणि तो इंजेक्शन चुकलं त्या महिन्यात.

एक वारकरी

अनवाणी वारी अकरा वर्षं केली. बाराव्या वर्षी पायाची संवेदना तपासताना बोटाला टेकवलेली नायलॉनची तार मला कळलीच नाही. आता एमसीआरची (एक प्रकारचं मऊ रबर) चप्पल आणि पांढरे सुती मोजे घालून चालतो. पांढरे अशासाठी की रक्ताचा, पुवाचा डाग लगेच दिसतो. मुक्कामाला पोचलो की आधी आरशात तळवे बघतो, मग हरिपाठ.

सोलापूरहून

कोल्हापूरच्या परिचारिका ताईंनी शेवटी जी लक्षणं लिहिली आहेत, ती आम्ही डोळ्यांनी पाहिली. वडिलांच्या नडगीला बसच्या पायरीचं खरचटलं होतं, रुपयाएवढं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते कण्हायला लागले. आयुष्यात दाढ काढतानाही हूं न करणारा माणूस. लाली फारशी नव्हती, म्हणून जवळच्या दवाखान्यात वेदनेचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. रात्री अकराला त्या जागेवर जांभळा डाग आला, बाराला फोड. मोठ्या दवाखान्यातल्या सर्जननी पाहताक्षणी सांगितलं, संसर्ग खाली स्नायूंच्या आवरणापर्यंत गेलाय, आत्ताच उघडावं लागेल, सकाळपर्यंत थांबलो तर पाय राहणार नाही. मी सही केली तेव्हा हात थरथरत होता. तीन ऑपरेशनं झाली, मेलेलं मांस काढलं, महिन्यानंतर मांडीची कातडी घेऊन पोटरीवर बसवली. पाय राहिला.

बसवलेल्या कातडीला स्पर्श कळत नाही आणि वडिलांची नजरही आता अधू झाली आहे. रोज जेवण झालं की ते पाय माझ्या मांडीवर ठेवतात. मी मोबाईलच्या उजेडात एकेक बोट फाकवून बघतो. परवा उजव्या पायाच्या बेचक्यात पांढरट दिसलं. काल सकाळीच दाखवून आलो.