मदत हवी आहे: सीलबंद डब्यात सिलिका जेल टाकूनही आत थेंब जमतायत

उलटा_नांगर: बोटीवरचा छोटा कॉम्प्युटर परत मेला, हा दुसरा. एआयएस रिसीव्हर (आसपासची जहाजं दाखवणारा) अजून चालू आहे पण त्याचे पिन हिरवे पडायला लागलेत. डबा आयपी६७ (धूळ-पाणी आत जाऊ न देणारा), आत सिलिकाच्या आठ पुड्या, तरी सकाळी उघडला की झाकणाला आतून थेंब. आठवड्यात निघायचंय, लवकर सांगा.

खारट: समुद्र का गोडं पाणी? डबा कुठे बसवलाय? पुड्या किती जुन्या?

भातुकली: तांदळात पुरून ठेवा दोन दिवस, माझा मोबाईल वाचला होता.

खारट: मोबाईल कोणी विचारलाय?

सोल्डरवाला: डबा सोडून द्या, बोर्डलाच कॉन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे पातळ संरक्षक थर, मारा. मी सगळ्या बोर्डांना दोन हात मारतो, काही होत नाही. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने नीट धुवा, नाहीतर मीठ कोटिंगखाली अडकतं आणि मग आतल्या आत खातं.

उलटा_नांगर: समुद्र. डबा केबिनमध्ये, हॅचखाली (छतातल्या झाकणाखाली). पुड्या गेल्या वर्षीच्या. कोटिंगला वेळ नाहीये हो.

खारट: मग त्या पुड्या कधीच भरल्या असणार! १२० डिग्रीला दोनेक तास ओव्हनमध्ये भाजायच्या, पुडी प्लास्टिकची असेल तर दाणे आधी बाहेर काढायचे. आणि सोल्डरवाले, कनेक्टरवर कोटिंग गेलं की कॉन्टॅक्टच मिळत नाही हेही सांगा की.

सोल्डरवाला: कनेक्टर झाकूनच मारतात, एवढं कळतं.

गारवा: हवेतला ओलावा काढणारा एक डीह्युमिडिफायर घ्या, विषय संपला. फक्त कॉम्प्रेसरवाला नको, थंडीत तो ढेपाळतो, डेसिकंटवाला (ओलावा शोषणाऱ्या पदार्थाचा) घ्या.

उलटा_नांगर: नांगरावर असतो, किनाऱ्याची वीज नाही. बॅटरी आणि एक सोलर पॅनेल.

गारवा: हे आधी सांगायचं ना. बॅटरी लिथियम आहे का लेड?

खारट: बॅटरीचं नंतर. डब्यात केबल कुठून जाते?

उलटा_नांगर: वरून, भोक पाडून सिलिकॉन भरलंय. त्याने काय होतंय?

खारट: झालं! भोक पाडलं की आयपी६७ संपलं. आता बघ, दिवसा हॅचखाली डबा तापतो, आतली हवा फुगून फटीतून बाहेर जाते, रात्री गार पडला की तिथूनच खारी दमट हवा आत ओढतो. रोज एक श्वास. पुड्या किती दिवस पुरणार? शिवाय वरून आलेल्या केबलवरून पाणी ओघळत थेट आत. केबल खालून घे, नीट ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारं बूच) लाव, आत जायच्या आधी खाली एक झोळ सोड म्हणजे थेंब तिथेच गळेल. डबाही हॅचखालून हलव.

सोल्डरवाला: हे बरोबर आहे. आणि साधं मीठ हवेतल्या ७५ टक्के आर्द्रतेला पाणी ओढून विरघळतं, समुद्री मिठातलं मॅग्नेशियम क्लोराईड तर त्याच्या कितीतरी आधी. म्हणून नुसतं वाळवून भागत नाही, धुवावंच लागतं.

भातुकली: कॅल्शियम क्लोराईडचे डबे मिळतात की, खूप पाणी ओढतात.

सोल्डरवाला: आणि तेच पाणी खालच्या भांड्यात मिठासकट साठतं, बोट डोलली की सांडतं. इलेक्ट्रॉनिक्सजवळ अजिबात नको.

गारवा: कॉम्प्युटर बंद करून ठेवता का रात्री? चालू ठेवलात तर स्वतःच्याच उबेने दव पडत नाही.

उलटा_नांगर: बंद, बॅटरी वाचवायला. सिलिकॉन उकरलं आत्ता, खाली केबलचं आवरणच ओलं निघालं. ग्लँड कुठल्या मापाचं लागेल, केबल दोन आहेत.

खारट: दोघी एकात कोंबू नकोस. जाडी मोजून सांग.