घरून काम : टीममधल्या दोघी मागे पडताहेत, नक्की काय करू?

नमस्कार मंडळी,

पुण्यात विम्याचे क्लेम तपासणाऱ्या ९ जणांच्या टीमचा मी लीड आहे. आठवड्यातले ३ दिवस सगळे घरून काम करतात. सात जणांच्या फाइली घरून उलट जास्तच निघतात. दोघींच्या मात्र निम्म्यावर येतात. वरून निरोप आलाय : महिन्याभरात सुधारणा दाखव, नाहीतर सगळ्यांनाच रोज ऑफिसला बोलव.

दोघींशी वेगवेगळं बोललो. पहिली हॉलमध्ये डायनिंग टेबलावर बसते. घरात सासू-सासरे आणि पाच वर्षांचा मुलगा. "सर, मी समोर दिसते म्हणजे मोकळीच आहे असं वाटतं सगळ्यांना." कुरिअर आलं, सिलिंडर आला, सासऱ्यांच्या गोळ्या संपल्या, की उठायचं हिनेच. (नवराही घरूनच काम करतो. बेडरूममध्ये, दार लावून. मी गप्प बसलो.)

दुसरी दोनच महिन्यांपूर्वी लागली. एकटी राहते, घरात शांतता. पण फाइलमध्ये अडलं की विचारायला शेजारी कोणी नाही, आणि ग्रुपवर 'बावळट प्रश्न' टाकायची लाज वाटते. मग फाइल तशीच पडून राहते.

शांघायच्या सीट्रिप कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये डिसेंबर २०१० पासून नऊ महिने झालेला प्रयोग मी मोठ्या उत्साहाने साहेबांना दाखवला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली होती. नंतर नीट वाचलं तर त्यात भाग घ्यायला घरी स्वतंत्र खोली आणि किमान सहा महिन्यांची नोकरी हवी होती. म्हणजे आमच्या दोघी दारातच बाद! शिवाय प्रयोग संपल्यावर घरून काम करणाऱ्यांपैकी निम्मे आपणहून ऑफिसात परतले, एकटेपणाला कंटाळून.

कंपनी हेडफोनचे पैसे देईल, खोली कुठून देणार? पहिलीला सकाळी ६ ते १० आणि दुपारी ४ तास अशी वेळ फोडून द्यावी का? नवीन मुलीसाठी रोज तासभर व्हिडिओ कॉल चालू ठेवला तर तिला पाळत ठेवल्यासारखं वाटेल का? माउस हलतोय का ते मोजणारं सॉफ्टवेअर कृपया सुचवू नका.

प्रतिसाद : सकाळी सहाला त्या घरात डबे कोण करतं, ते आधी विचारा. मला अशीच 'सोयीची' वेळ मिळाली होती, दोन आठवड्यांत हात जोडले. तिला चालत असेल तर ऑफिसचे दिवस वाढवून द्या, पण फक्त तिला, आणि शिक्षा म्हणून नाही. नवीन मुलीला तूर्त ऑफिसातच बसवा, एखाद्या जुन्या माणसाच्या शेजारी. आणि तो जुना माणूस तुम्ही नको, लीडला कोण बावळट प्रश्न विचारेल?

धागाकर्ता : डब्यांचं डोक्यातच आलं नव्हतं. उद्या विचारतो. शेजारी बसायला एक ताई तयार होतील, पण मग त्यांच्या फाइली कमी कराव्या लागतील. ते साहेबांच्या गळी कसं उतरवायचं, तेही सांगा.