अर्धा प्लॉट आणि चाकवत
दोन घरांनी मिळून जमिनीचा एक तुकडा घेतला की भांडणं ठरलेली, असं म्हणतात, पण मला ते तितकंसं पटत नाही. इथे इंग्लंडात जुन्या मापाचा अख्खा अलॉटमेंट प्लॉट (भाजीपाला पिकवायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा) 10 रॉडचा, म्हणजे साधारण 250 चौरस मीटर. नोकरी सांभाळून एका घराला तो झेपतच नाही. आमचा अर्धा-अर्धा आहे, शेजारच्या आजोबांबरोबर.

भांडण नाही, पण घोटाळा झाला तणावरून. (टेन्शन नव्हे, गवतवालं तण!) पहिल्याच मे महिन्यात त्यांनी मदत म्हणून माझा वाफा खुरपून लख्ख केला, आणि चाकवत गेला! त्यांच्या लेखी ते 'फॅट हेन' नावाचं तण. आता जे उपटायचं नाही तिथे मी लाल सुतळी बांधते. त्यांच्या बाजूला उगवलेला चाकवत ते टोपलीत भरून मलाच देतात, ताकातल्या भाजीपुरता होतो. मेथीची रोपं मात्र त्यांना अजून क्लोव्हरच (तशाच तीन पानांचं रानटी रोप) वाटतात.